१९८७ चा एमव्हीपी डॉसनला कसा काय मिळाला? आकडे घेऊन परत एकदा मोजू

प्रश्न थोडक्यात असा आहे: १९८७ साली अमेरिकेतल्या बेसबॉलच्या दोन लीगपैकी नॅशनल लीगचा एमव्हीपी, म्हणजे सीझनच्या सगळ्यात मोलाच्या प्लेयरचा पुरस्कार, शिकागो कब्सच्या आंद्रे डॉसनला मिळाला आणि टीम तर शेवटच्या नंबरवर होती, मग ते मतदान चुकलं का, आणि आजचे स्टॅट्स वापरून परत मत द्यायचं तर कोणाला द्यायचं. बेसबॉलचा डेटा हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे, आणि जुन्या सीझनची मतं परत मोजायची म्हटलं की मी नवीन माणसाला हाच सीझन देतो, कारण यात सगळं आहे, भरपूर होमरन (क्रिकेटच्या सिक्ससारखा फटका), एक जबरदस्त स्टोरी, मालकांची बदमाशी, आणि आठ-नऊ असे प्लेयर ज्यांच्या बाजूनं काही ना काही बोलता येतं.

उत्तर आधीच सांगतो. हो, मतदान चुकलं, आणि थोडंथोडकं नाही. पण ते "तेव्हा वॉर नव्हतं म्हणून चुकलं" असं जे म्हणतात ते मला पटत नाही (वॉर म्हणजे प्लेयरनं टीमला किती जास्तीचे विजय मिळवून दिले ते एका आकड्यात सांगणारा आजचा स्टॅट). त्या वर्षी पेपरात रविवारी जे आकडे छापून यायचे तेवढे घेऊन बसलं असतं, एक पेन्सिल आणि पंधरा मिनिटं, तरी डॉसन पहिल्या नंबरवर येत नव्हता.

आधी मतं बघू. तेव्हा नॅशनल लीगमध्ये १२ टीम, प्रत्येक शहरातले दोन बेसबॉल पत्रकार, म्हणजे एकूण २४ मतदार. प्रत्येकानं दहा नावं क्रमानं लिहायची, पहिल्याला १४ पॉइंट, दुसऱ्याला ९, मग ८, ७ असं करत दहाव्याला १. डॉसनला २६९ पॉइंट, सेंट लुईस कार्डिनल्सच्या ऑझी स्मिथला १९३, त्याच टीमच्या जॅक क्लार्कला १८६. पहिल्या नंबरची मतं डॉसन ११, ऑझी ९, क्लार्क ३ आणि एक मत माँट्रियलच्या टिम वॉलकला.

इथेच एक गैरसमज काढून टाकू, कारण जो तो हेच सांगतो, की कार्डिनल्सची मतं दोघांत फुटली आणि डॉसन मधल्यामध्ये जिंकला. हिशेब करून बघा ना. ज्या तिघांनी क्लार्कला पहिला टाकला त्या तिघांनीही ऑझीला पहिला टाकला असता, आणि असंही धरा की आधी त्यांच्या यादीत ऑझीचं नावच नव्हतं, तरी जास्तीत जास्त ४२ पॉइंट वाढले असते. फरक होता ७६ चा. मतं फुटली वगैरे काही नाही, डॉसन सरळ जिंकला, त्या २४ लोकांना तोच खरोखर बेस्ट वाटत होता.

आणि का वाटत होता ते समजून घेतलं पाहिजे, नाहीतर आपण आज कॉम्प्युटरसमोर बसून शहाणपणा करतोय एवढंच होईल. ४९ होमरन, १३७ आरबीआय (त्याच्या बॅटिंगवर टीमचे आलेले रन), दोन्हीत लीगमध्ये पहिला. आणि त्याच्या मागची गोष्ट. १९८६ नंतर डॉसन फ्री एजंट झाला, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट संपून कोणत्याही टीमकडे जायला मोकळा, माँट्रियलच्या ऑलिम्पिक स्टेडियममधल्या आर्टिफिशियल टर्फनं त्याच्या गुडघ्यांची वाट लागली होती, त्याला खऱ्या गवतावर खेळायचं होतं. पण तेव्हा सगळे मालक आतून संगनमत करून बसले होते की दुसऱ्याच्या फ्री एजंटला हात लावायचा नाही. एवढा मोठा प्लेयर आणि कोणी विचारत नाही! शेवटी १९८७ च्या स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये (सीझनआधीच्या सरावात) तो आणि त्याचा एजंट डिक मॉस कब्सच्या कॅम्पवर गेले आणि जनरल मॅनेजर डॅलस ग्रीनसमोर कोरं कॉन्ट्रॅक्ट ठेवलं, सही आमची, आकडा तुम्ही भरा. कब्सनी भरले पाच लाख डॉलर, वर थोडे बोनस. आदल्या वर्षी त्याला दहा लाखांच्या वर मिळत होते. त्यानंतर त्या माणसानं ४९ मारले. जुलैमध्ये सॅन डिएगोच्या एरिक शोचा बॉल थेट तोंडावर बसला, टाके पडले, आणि तरी परत येऊन मारतच राहिला. कब्सच्या मैदानावर, रिग्ली फील्डवर, राइट फील्डमागचं पब्लिक त्याला वाकून सलाम करायचं. अशा माणसाला मत द्यावंसं वाटणारच, मलाही वाटलं असतं. पुढे आर्बिट्रेटरांनी मालकांना दोषी धरलं आणि १९९० मध्ये २८ कोटी डॉलरवर सेटलमेंट झाली, म्हणजे डॉसनवर अन्याय झाला हे तर कागदोपत्री सिद्धच आहे. फक्त त्या अन्यायाची भरपाई एमव्हीपीनं करायची नसते.

आता आकडे. डॉसनच्या सीझनमधली जी गोष्ट लोकांनी बघितलीच नाही ती म्हणजे आउट. ६२१ ॲट-बॅट (बॅटिंगच्या पाळ्या, वॉक सोडून), १७८ हिट, म्हणजे ४४३ वेळा आउट. वॉक (चार खराब बॉलवर फुकट मिळणारा पहिला बेस) फक्त ३२. ओबीपी, म्हणजे किती वेळा बेसवर पोचला त्याचं प्रमाण, .३२८, ही जवळपास लीगची सरासरीच आहे, आणि त्या सरासरीत बॅट धरायला उभे राहणारे पिचर (क्रिकेटमधले बॉलर) सुद्धा धरलेले आहेत! क्रिकेटवाल्यांसाठी सांगायचं तर टी-ट्वेंटीत जसे १२० बॉल ही टीमची सगळी पुंजी असते तसे बेसबॉलमध्ये २७ आउट ही पुंजी, रन कितीही करा पण त्यासाठी आउट किती खर्च केले हे विचारल्याशिवाय बॅटरचा हिशेब पूर्ण होत नाही. आणि ओबीपी काही प्रयोगशाळेतली गोष्ट नव्हती, १९८४ पासून ती ऑफिशियल स्टॅट होती.

बरं ओबीपीही बाजूला ठेवू. जुन्या लोकांची आवडती पद्धत घेऊ: रन अधिक आरबीआय वजा होमरन, कारण होमरनवर तोच रन दोन्हीकडे मोजला जातो. डॉसन: ९० रन, १३७ आरबीआय, वजा ४९, एकूण १७८. चांगलाय. आता सिनसिनाटीचा एरिक डेव्हिस: १२० अधिक १०० वजा ३७, १८३. डेव्हिस फक्त १२९ मॅच खेळला, डॉसन १५३! आणि डेव्हिसचे आउट ३३५, डॉसनचे ४४३. अटलांटाचा डेल मर्फी १७६, आउट ३९९. माँट्रियलचा टिम रेन्स १७३, आउट ३५५. सॅन डिएगोचा टोनी ग्विन १६६, आउट ३७१. जॅक क्लार्क १३१ मॅचमध्ये १६४, आउट २९९. आणि ऑझी स्मिथ, ज्यानं अख्ख्या सीझनमध्ये एकही, परत सांगतो, एकही होमरन मारला नाही, त्याचे १०४ रन आणि ७५ आरबीआय मिळून १७९. डॉसनपेक्षा एक जास्त, आणि आउट २५ नी कमी.

म्हणजे ज्या आकड्यांवर डॉसनला निवडला असं म्हणतात तेच आकडे नीट मांडले तरी तो पुढे नाही. सगळं लक्ष आरबीआयच्या एका कॉलमवर गेलं आणि शेजारचा रनचा कॉलम कोणी वाचलाच नाही. डॉसनचे ९० रन, त्यातले ४९ स्वतःच्याच होमरनवर, म्हणजे बाकी सगळ्या सीझनमध्ये दुसऱ्याच्या हिटवर तो फक्त ४१ वेळा घरी आला. ग्विन ११२ वेळा. बेसवर कमी वेळा पोचला की असंच होणार.

या पद्धतीत दोष आहेत, मान्य. बाकीची टीम कशी आहे त्यावर बरंच अवलंबून असतं आणि होमरन मारणाऱ्याला जरा कमी भाव मिळतो. म्हणून दुसरी पद्धत, जी मी स्वतः जास्त वापरतो, प्रत्येक घटनेला सरासरी किती रनची किंमत ते लावायचं. माझे ढोबळ भाव असे: सिंगल ०.४७, डबल ०.७८, ट्रिपल १.०९, होमरन १.४, वॉक ०.३३, आउट उणे ०.२८, स्टील बेस (पिचर बॉल टाकत असताना पळून पुढचा बेस चोरणं) ०.२ आणि स्टील करताना पकडला गेला तर उणे ०.४२. यात टीममेट कोण होते, बेसवर कोण उभं होतं, काहीच येत नाही, फक्त या माणसानं काय केलं. सरासरी बॅटर म्हणजे शून्याच्या जवळपास. घरी एक्सेलमध्ये टाकून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

माझ्याकडे आलेले आकडे: जॅक क्लार्क ५८ च्या आसपास, ग्विन ५७, मर्फी ५५, रेन्स ५२-५३, डेव्हिस ५१. डॉसन पंचवीस.

पंचवीस! ४९ होमरनची किंमत या हिशेबात साडेअडुसष्ट रन होते, म्हणजे डॉसनला त्याचं पूर्ण क्रेडिट दिलेलं आहे, कुठेही काटछाट नाही. पण ४४३ आउटनी तिकडे १२४ रन खाऊन टाकले. आणि इथे मला सगळ्यात जास्त मजा वाटते ती ऑझीची. शून्य होमरन, स्लगिंग (ॲट-बॅटमागे किती बेस) .३८३, आणि तरी ८९ वॉक, ४० डबल आणि ४३ स्टीलच्या जोरावर तो सतरा-अठरावर येतो. ४९ होमरनवाला आणि शून्य होमरनवाला यांच्या बॅटमधला सगळा फरक सीझनभरात सात-आठ रन! आणि त्यातला एक राइट फील्डला उभा राहतो आणि दुसरा या खेळातला बहुतेक सगळ्यात भारी शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधली, फील्डिंगची अवघड जागा) आहे. म्हणजे ज्या ९ लोकांनी ऑझीला पहिला टाकला त्यांचा डॉसनविरुद्धचा निर्णय बरोबर होता, बाकीच्यांकडे त्यांनी बघितलं नाही हा भाग वेगळा.

पार्कचं बोलायला हवं. रिग्लीमध्ये तेव्हा लाइट नव्हते, १९८८ च्या ऑगस्टमध्ये आले, सगळ्या होम मॅच दुपारी, आणि ते बॅटरचं मैदान. डॉसनचं ॲव्हरेज (ॲट-बॅटमागे हिट) घरी .३३२ आणि २७ होमरन, बाहेर .२४६ आणि २२ होमरन. होमरन सगळीकडे मारले हे खरं, पण ॲव्हरेजचा आधार मैदानाचा होता. अटलांटाचं मैदानही बॅटरधार्जिणं, त्यामुळे मर्फीचे आकडेही थोडे खाली ओढावे लागतात. सॅन डिएगोला असा फायदा नाही, म्हणून पार्क ॲडजस्ट केलं की ग्विन मर्फीच्या जरा पुढे सरकतो. शिवाय १९८७ हे वर्षच असं होतं की कोणीही उठून होमरन मारत होतं, दोन्ही लीग मिळून ४,४५८ होमरन, तोवरचा रेकॉर्ड, तिकडे अमेरिकन लीगमध्ये मार्क मॅग्वायर नावाच्या नवख्या पोरानंही ४९ च मारले. ४९ चा भाव त्या वर्षी जरा उतरलाच होता.

फील्डिंगच्या बाबतीत मी सावध असतो. त्या काळचा फील्डिंगचा डेटा म्हणजे कॅच, थ्रो, एरर एवढंच, बॉल कुठे पडला कोण किती धावलं हे आजच्यासारखं कॅमेऱ्यानं टिपलेलं नाही, त्यामुळे फील्डिंगवरून पाचसात रनचा फरक काढणाऱ्या कोणत्याही नंबरवर मी तेव्हाच्या सीझनसाठी पैज लावणार नाही. आउटफिल्डचे गोल्ड ग्लव्ह, म्हणजे बेस्ट फील्डरचे पुरस्कार, त्या वर्षी डॉसन, ग्विन आणि डेव्हिस तिघांना. म्हणजे डॉसनचे चाहते म्हणतात तसं फील्डिंगनं तो अंतर भरून काढतो हे होत नाही, कारण ज्यांच्याशी तुलना आहे तेही गोल्ड ग्लव्हवालेच, आणि डेव्हिस तर सेंटर फील्डला. आज बेसबॉल-रेफरन्स या वेबसाइटवर वॉर बघितलं तर ग्विन ८.६, डेव्हिस ७.९, मर्फी ७.७, रेन्स ६.७, ऑझी ६.४ आणि डॉसन ४.० असं दिसतं. मी मुद्दाम हे शेवटी सांगतोय. वॉर आधी टाकलं की लोक वॉरशी भांडत बसतात, रिप्लेसमेंट लेव्हल काय, कोणाचा फॉर्म्युला, आणि मूळ मुद्दा राहतो बाजूला. इथे वॉर काही नवीन सांगत नाहीये, वरच्या पेन्सिलच्या हिशेबावर शिक्का मारतंय फक्त.

"पण टीमसाठी किती उपयोगी?" हा प्रश्न येतोच. कब्स ७६ विजय आणि ८५ पराभव, लीगच्या ईस्ट डिव्हिजनमध्ये शेवटून पहिले. शेवटच्या टीममधून एमव्हीपी झालेला डॉसन पहिलाच. माझं याला काहीच ऑब्जेक्शन नाही, मतपत्रिकेच्या सूचनेतच लिहिलंय की प्लेयर जिंकणाऱ्या टीमचा असायला हवा असं नाही, आणि पहिला निकष बॅटिंग-फील्डिंग मिळून किती जोर आणि दुसरा किती मॅच खेळला. ठीक. पण मग हाच नियम ग्विनला का नाही लावला? त्याची टीम सॅन डिएगो पाद्रेज ६५-९७, तेही वेस्टमध्ये शेवटचे. ग्विन .३७० मारतो, २१८ हिट, ८२ वॉक, ५६ स्टील, अख्ख्या सीझनमध्ये स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर आउट) फक्त ३५, आणि मतदानात आठवा! मर्फी ४४ होमरन आणि ११५ वॉक घेऊन अकरावा. ग्विनचे आरबीआय ५४ होते हेच कारण, दुसरं काही नाही. बॅटिंग ऑर्डरमध्ये वर खेळणारा, टीम असली भिकार, त्याच्यापुढे बेसवर असणार कोण?

रेन्सचं मला वैयक्तिक वाईट वाटतं. तोही त्याच संगनमताचा बळी. डॉसनसारखाच माँट्रियल एक्स्पोजचा, तोही फ्री एजंट, त्यालाही कोणी ऑफर दिली नाही, शेवटी परत माँट्रियललाच जायचं ठरलं तर नियम असा की जानेवारीची तारीख हुकली की १ मे पर्यंत जुन्या टीमशी बोलताच येत नाही. म्हणजे अख्खा एप्रिल घरी. स्प्रिंग ट्रेनिंग नाही, प्रॅक्टिस मॅच नाही, काही नाही. २ मे ला न्यूयॉर्कला मेट्सविरुद्ध उतरला आणि पाचपैकी चार हिट, एक ट्रिपल, आणि दहाव्या इनिंगमध्ये ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असताना होमरन) मारून मॅच जिंकून दिली. पुढे .३३०, १२३ रन लीगमध्ये सगळ्यात जास्त, ५० स्टील आणि पकडला गेला फक्त ५ वेळा. तो महिना मिळाला असता तर माझी यादी कदाचित वेगळी असती, पण न खेळलेल्या मॅचचे मार्क मी कोणालाच देत नाही, हा नियम मोडला की मग डेव्हिसच्या आणि क्लार्कच्या दुखापतीपण धराव्या लागतील. क्लार्क खेळला तोवर बॅटनं सगळ्यांच्या वर होता, ४१९ ॲट-बॅटमध्ये १३६ वॉक, ओबीपी .४५९, पण सप्टेंबरमध्ये घोटा गेला आणि तिथेच सीझन जवळपास संपला, आणि फर्स्ट बेसवरचा त्याचा ग्लव्ह म्हणजे, जाऊ दे.

त्याच वर्षी अमेरिकन लीगमध्येही अगदी हाच प्रकार झाला, टोरांटोच्या जॉर्ज बेलला ४७ होमरन आणि १३४ आरबीआयवर दिला, ३३२ विरुद्ध ३११ पॉइंट, आणि डेट्रॉइटचा शॉर्टस्टॉप ॲलन ट्रॅमेल .३४३, २८ होमरन करून दुसरा. तिथे तर टीमचा मुद्दापण ट्रॅमेलच्या बाजूनं होता, शेवटच्या आठवड्यात टोरांटो सलग सात मॅच हरले आणि डेट्रॉइटनं डिव्हिजन नेलं. ती केस सोपी आहे, फार वेळ घालवू नका. नॅशनल लीगचं साय यंग, म्हणजे बेस्ट पिचरचा पुरस्कार, मात्र बघा कधीतरी, क्लोजर (मॅच संपवायला शेवटी येणारा पिचर) स्टीव्ह बेड्रोशन ५७ पॉइंट, रिक सटक्लिफ ५५, रिक रुशेल ५४, आणि लीगमध्ये सगळ्यात कमी ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर गेलेले रन) २.७६ आणि सगळ्यात जास्त २७० स्ट्राइकआउट असलेला नोलन रायन पाचवा, का तर त्याचं विजय-पराभवाचं रेकॉर्ड ८-१६. ह्यूस्टननं त्याला रन काढूनच दिले नाहीत त्याला तो काय करणार.

एक सांगायचं राहिलं, डॉसन हॉल ऑफ फेमला लायक नव्हता असं मी म्हणत नाहीये. तो २०१० मध्ये आत गेला आणि त्याचे माँट्रियलचे सुरुवातीचे सीझन, सेंटर फील्डला, गुडघे शाबूत असताना, १९८७ पेक्षा बरेच चांगले होते. गंमत म्हणजे त्या चांगल्या सीझनना एमव्हीपी मिळाला नाही, १९८१ आणि १९८३ ला तो दुसरा आला.

तर माझं मत. पहिला ग्विन, दुसरा मर्फी, तिसरा डेव्हिस. ग्विन आणि मर्फीमध्ये कोणी उलट क्रम लावला तर मी भांडणार नाही, तो पार्कला किती किंमत देता त्यावर आहे, आणि डेव्हिसला पहिला टाकणाऱ्याला मी फक्त १२९ मॅचची आठवण करून देईन, दर मॅचला त्या वर्षी त्याच्यासारखा कोणी नव्हता हे मान्य करून. चौथा रेन्स, पाचवा ऑझी, सहावा जॅक क्लार्क. सातव्या-आठव्याला मेट्सचा डॅरिल स्ट्रॉबेरी आणि सॅन फ्रान्सिस्कोचा विल क्लार्क, कसेही लावा. नववा वॉलक की डॉसन यावर मी फार विचार केला नाही, वॉलकचे १२३ आरबीआयपण त्याच दुकानातले आहेत, पण मला वाटतं डॉसन नववा.